मराठा राजघराण्यांतील स्त्रियांच्या पदव्या

मराठा राजघराण्यांतील स्त्रियांच्या पदव्या या संज्ञेत छत्रपती, पेशवे, सरदार व पुढील काळातील संस्थानिक यांच्या घराण्यांतील स्त्रियांच्या नावाशी जोडली गेलेली पदे, किताब, बिरुदे आणि आदरार्थी संबोधने यांचा समावेश होतो. पट्टराणी, महाराणी, राणीसाहेब, आईसाहेब, मातुश्री, बाईसाहेब, धनीण ही त्यांतील प्रमुख होत. इंग्लंडातील उमराववर्गात स्त्रियांच्या पदव्यांची जशी कायद्याने ठरलेली उतरंड आहे, तशी मराठेशाहीत कधीच नव्हती. पेशवा, सेनापती, सरलष्कर, सरखेल, सेनासाहेबसुभा ही पुरुषांची पदे वस्त्रे व शिक्के देऊन दिली जात. स्त्रियांच्या वाट्याला मात्र बहुधा नात्याचे शब्द आले. परिणामी ज्या स्त्रियांनी प्रत्यक्ष राज्य चालविले, त्यांच्या अधिकाराचा माग त्यांच्या पदवीवरून लागत नाही. तो शिक्के, सनदा आणि जमाखर्चाचे कागद यांतून काढावा लागतो. केवळ ‘मातुश्री’ हा मायना पाहून पत्र कौटुंबिक समजणाऱ्या अभ्यासकाच्या हातून कित्येकदा राज्यकर्त्याचेच पत्र निसटते.

शब्दांची घडण

मराठीत पुरुषाच्या पदावरून स्त्रीवाचक शब्द करण्यासाठी ‘ईण’ हा प्रत्यय लागतो. पाटलाची पाटलीण, देशमुखाची देशमुखीण, सावकाराची सावकारीण, धन्याची धनीण. या शब्दांचा पहिला अर्थ ‘त्या पदावरील पुरुषाची पत्नी’ असा आहे. पाटलीणबाईंना गावात मान असे, हळदीकुंकवात त्यांचे कुंकू आधी लागे, परंतु पाटिलकीचे वतन त्यांच्या नावे नसे. इंग्रजी अमलात मामलेदारीणबाई आणि डॉक्टरीणबाई हे शब्द याच साच्यातून निघाले. स्त्री स्वतः डॉक्टर होऊ लागल्यावर त्यांपैकी दुसऱ्या शब्दाला नवा अर्थ मिळाला, तरी जुना अर्थ लगेच गेला नाही.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की राज्यातील वरिष्ठ पदांना हा प्रत्यय लावून कोणतीही अधिकृत पदवी निर्माण झाली नाही. सेनापती, सरलष्कर, प्रतिनिधी, सचिव यांच्या पत्नीसाठी दरबारी भाषेत वेगळे पदनाम नव्हते. त्यांचा उल्लेख नावापुढे ‘बाई’ आणि तिच्यापुढे ‘साहेब’ जोडून होई. ‘बाई’ या शब्दाला आज घरकामाचा वास येतो. त्या काळी तो कुलीन स्त्रीच्या नावाचाच अविभाज्य भाग होता आणि ‘बाईसाहेब’ म्हणजे पूर्ण मानाचे संबोधन होते. ‘साहेब’ हा अरबी मूळ असलेला शब्द पुरुषाला आणि स्त्रीला सारखाच चालतो. म्हणून आबासाहेब आणि आईसाहेब, भाऊसाहेब आणि वहिनीसाहेब अशा जोड्या सहज बनल्या. मासाहेब, आऊसाहेब, आक्कासाहेब, ताईसाहेब, काकीसाहेब, आत्यासाहेब ही सारी याच पद्धतीची संबोधने होत. यांत व्यक्तीचे स्थान ठरते ते घरातील धन्याशी असलेल्या नात्याने. धनी बदलला की संबोधनही बदलते. कालच्या वहिनीसाहेब पुतण्या गादीवर येताच काकीसाहेब होतात.

पत्रलेखनाच्या मायन्यांत आणखी एक भेद पाळला जाई. सधवा स्त्रीस ‘सौभाग्यवती वज्रचूडेमंडित’ आणि विधवेस ‘गंगाभागीरथी’ असे लिहीत. पुरुषाच्या ‘राजमान्य राजश्री’ला पत्नी जिवंत आहे की नाही याच्याशी काही कर्तव्य नव्हते. स्त्रीचा मायना मात्र पतीच्या मृत्यूबरोबर त्याच दिवशी बदलत असे.

छत्रपतींचे घराणे

शिवाजी महाराजांच्या मातेस समकालीन व्यवहारात ‘मातुश्री’ आणि ‘आऊसाहेब’ म्हणत. ‘आऊ’ हा आईसाठीचा जुना मराठी शब्द. आज सर्वतोमुखी असलेले ‘राजमाता’ हे बिरुद उत्तरकालीन वाङ्मयातून दृढ झाले. काटेकोर अर्थाने पाहिले, तर अभिषिक्त राजाची माता हे स्थान जिजाबाईंना अवघे अकरा-बारा दिवस लाभले. रायगडावरील राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला आणि १७ जून १६७४ रोजी पाचाड येथे त्यांचे निधन झाले. पुणे परगण्याची उजाड जहागीर पुन्हा वसविण्याचे त्यांचे काम त्यापूर्वीच्या तीन दशकांतले. त्या काळात त्यांच्यापाशी कोणतीही राजपदवी नव्हती.

राज्याभिषेकप्रसंगी सोयराबाई पट्टराणी म्हणून महाराजांच्या शेजारी बसल्या. ‘पट्टराणी’ ही मात्र खरीखुरी विधिसिद्ध पदवी होती. अनेक राण्यांपैकी एकीलाच ती मिळे आणि धार्मिक विधीत राजाबरोबर बसण्याचा अधिकार त्यातून येई. तिच्याच पुत्राने गादीवर यावे असा अर्थ त्यातून आपोआप निघत नसे. युवराजपद संभाजीराजांकडे होते. १६८० नंतर रायगडावर जो वारशाचा कलह माजला, त्याचे एक मूळ या दोन पदव्या दोन वेगळ्या शाखांत जाण्यात होते.

येसूबाईंचे उदाहरण याहून वेगळे आहे. संभाजी महाराजांनी त्यांना राज्यकारभारात अधिकार दिला व स्वतंत्र शिक्का दिला. त्यावरील ‘श्री सखी राज्ञी जयति’ ही अक्षरे प्रसिद्ध आहेत. येथे ‘राज्ञी’ हा शब्द नुसता मान दाखवीत नाही. शिक्क्यावर आल्यामुळे तो हुकुमाला बळ देतो. महाराज स्वारीवर असता गडावरील कामकाज या शिक्क्याने चाले. मराठेशाहीत स्त्रीचे पद आणि तिचा अधिकार एकाच ठिकाणी आल्याची अशी उदाहरणे थोडी आहेत. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर येसूबाई मोगलांच्या कैदेत गेल्या व १७१९ मध्ये परतल्या. त्या वेळी साताऱ्याच्या गादीवर त्यांचे पुत्र शाहू होते आणि येसूबाई ‘मातुश्री’ झाल्या होत्या.

राजाराम महाराजांचे मार्च १७०० मध्ये सिंहगडावर निधन झाले. त्यानंतर ताराबाईंनी आपला मुलगा शिवाजी यास गादीवर बसवून सात वर्षे औरंगजेबाशी युद्ध चालविले. फौजा पाठविणे, किल्ल्यांची रसद, सरदारांच्या नेमणुका हे सर्व त्यांच्या हुकुमाने होई, पण गादी मुलाची होती. पोर्तुगिजांनी त्यांना ‘मराठ्यांची राणी’ म्हटले. बाहेरच्याला जे दिसत होते ते त्याने सरळ नोंदविले. मुलाच्या नावावर उभ्या राहिलेल्या अधिकाराचा धोका ताराबाईंना १७१४ मध्ये भोगावा लागला. त्यांची सवत राजसबाई हिने स्वतःचा मुलगा संभाजी यास कोल्हापूरच्या गादीवर बसविले आणि ताराबाई व त्यांचा मुलगा कैदेत पडले. गादी मुलाकडून गेली आणि तिच्याबरोबर आईची सत्ताही गेली. पुढे साताऱ्यास १७५० मध्ये त्यांनी रामराजाला किल्ल्यात अडकवून पुन्हा सत्ता हाती घेण्याचा प्रयत्न केला. तेव्हाही प्रश्न हाच होता, की नातू खरा की खोटा. कारण तो खरा असेल तरच त्या आजी, आणि आजी असतील तरच त्यांचा शब्द चालणार.

कोल्हापुरात संभाजी महाराजांच्या निधनानंतर, १७६० पासून १७७३ पर्यंत, राणी जिजाबाईंनी दत्तक मुलाच्या नावे राज्य चालविले.

शाहू महाराजांच्या दरबारात दोन राण्यांना ‘थोरली धनीण’ आणि ‘धाकटी धनीण’ म्हणत. पहिली सकवारबाई, दुसरी सगुणाबाई. घरगुती वाटणाऱ्या या शब्दांमागे दोन स्वतंत्र वाडे आणि दोन राजकीय पक्ष होते. सरदार मंडळी आपले काम कोणत्या धनीणीमार्फत होईल याचा अंदाज घेत असत.

किताब मिळालेली देशमुखीण

स्त्रीला तिच्या स्वतःच्या कर्तृत्वावर किताब मिळाल्याचे ठळक मराठी उदाहरण मराठेशाहीबाहेरचे, मोगलाईतले आहे. वऱ्हाडातील माहूरच्या देशमुख घराण्यातील सावित्रीबाईंनी वतन सांभाळून मोगलांच्या बाजूने लढाया केल्या. औरंगजेबाने त्यांना ‘रायबागन’ म्हणजे राजवाघीण हा किताब दिला. पुण्याहून कोकणात उतरणाऱ्या कारतलबखानाच्या फौजेत त्या होत्या. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी ही फौज कोंडली, तेव्हा शरण जाऊन वाट मागावी हा शहाणपणाचा सल्ला खानास त्यांनीच दिला. किताब इतका रूढ झाला, की सामान्य वाचकास सावित्रीबाई हे नाव ठाऊक नसते. ‘रायबागन’ हेच तिचे नाव समजले जाते.

सेनापतिपद आणि उमाबाई दाभाडे

पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे हे सेनापती दाभाडे यांचे ठाणे. खंडेराव दाभाडे यांना शाहू महाराजांनी १७१७ मध्ये सेनापतिपद दिले. त्यांच्यानंतर हे पद पुत्र त्रिंबकराव यांच्याकडे आले. गुजरातच्या चौथाईवरून दाभाडे आणि बाजीराव पेशवे यांच्यात वितुष्ट वाढून १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ लढाई झाली आणि त्रिंबकराव मारले गेले. शाहू महाराजांनी मग सेनापतिपदाची वस्त्रे धाकटे पुत्र यशवंतराव यांना दिली. यशवंतराव लहान असल्याने कारभार खंडेरावांच्या पत्नी उमाबाई यांच्या हाती आला.

उमाबाई या अभोण्याच्या ठोके देशमुख घराण्यातील. त्यांना ‘मराठेशाहीतील एकमेव स्त्री सेनापती’ म्हटले जाते. हे विधान आशयाने खरे आहे. फक्त वस्त्रे कोणाच्या अंगावर होती एवढाच प्रश्न विचारल्यास त्याचे उत्तर ‘यशवंतराव’ असे येते. तथापि फौज गोळा करणे, गुजरातचा वसूल, गायकवाडांसारख्या दाभाड्यांच्या सरदारांवरील हुकमत ही सेनापतीची कामे उमाबाईंनी केली. १७३२ मध्ये त्या स्वतः अहमदाबादेवर चालून गेल्या व जोरावरखान बाबीचा पराभव केला. शाहू महाराजांनी त्यांचा सोन्याचे तोडे देऊन गौरव केला. अशा पराक्रमाबद्दल पुरुष सरदारास नवे पद किंवा किताब मिळण्याचा प्रघात होता. उमाबाईंना दागिना मिळाला. त्या काळच्या दरबारापाशी स्त्रीच्या सेनापतित्वाची नोंद करण्यासाठी दुसरे साधन नव्हते असेच म्हणावे लागते.

पेशव्यांशी दाभाड्यांचे वैर मिटले नाही. ताराबाईंच्या १७५०-५१ च्या उठावात उमाबाई त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. दोन विधवा, एक छत्रपतींच्या घरची आणि एक सेनापतीच्या घरची, पुण्याच्या वाढत्या सत्तेविरुद्ध एकत्र आल्या होत्या. उठाव फसला, दाभाडे कैद झाले आणि घराण्याचे सामर्थ्य संपले. उमाबाई १७५३ मध्ये वारल्या. वणीच्या सप्तशृंगी गडावरील जुन्या पायऱ्या त्यांनी बांधविल्या. गडावर जाणारा यात्रेकरू बहुधा सेनापतीच्या कामावरून चालत आहे हे जाणत नाही.

पेशव्यांचा वाडा

पुण्याच्या शनिवारवाड्यात पदव्यांपेक्षा वय आणि नाते यांनाच महत्त्व होते. बाजीराव व चिमाजीअप्पा यांच्या मातुश्री राधाबाई १७३५-३६ मध्ये काशीयात्रेस गेल्या, तेव्हा वाटेतील राजपूत राजांनी त्यांचा सत्कार राजकीय पाहुण्यासारखा केला. पदवी नसलेल्या वृद्ध विधवेला हा मान मुलाच्या तलवारीमुळे मिळाला हे खरे; पण यात्रेच्या वाटेवर तिने मराठ्यांची बाजू राखली हेही तितकेच खरे. नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई, माधवरावांच्या पत्नी रमाबाई, रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई या कोणालाही ‘पेशवा’ या पदाचे स्त्रीरूप अधिकृतपणे लागले नाही.

सौभाग्यवती या उपाधीचे वजन किती होते, ते पार्वतीबाईंच्या चरित्रावरून कळते. त्यांचे पती सदाशिवरावभाऊ १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडले. पार्वतीबाईंनी ते मानले नाही. त्या अखेरपर्यंत सौभाग्यवतीच्या वेषात राहिल्या आणि पेशवे कुटुंबाने त्यांचा निश्चय मोडला नाही. मधल्या काळात भाऊसाहेबांचा तोतया उभा राहून मोठे प्रकरण झाले व १७७६ मध्ये तोतयास देहदंड झाला. १७८३ मध्ये पार्वतीबाई वारल्यावर पतिपत्नी दोघांचेही अंत्यसंस्कार एकत्र करण्यात आले.

याच वाड्यात मस्तानीला कुटुंबातील पत्नीचे स्थान मान्य झाले नाही, आणि तिच्या वाट्याला कोणतीही उपाधी आली नाही. वाड्याचा एक दरवाजा आज मस्तानी दरवाजा म्हणून दाखवितात. त्याचेच दुसरे नाव अलीबहादूर दरवाजा, म्हणजे तिच्या नातवाच्या नावाचे.

महादजी शिंदे १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडी येथे वारले. त्यांच्या विधवांनी वारस दौलतराव आपली योग्य व्यवस्था ठेवीत नाही म्हणून १७९८ मध्ये उघड बंड केले. जुने सरदार त्यांच्या बाजूस मिळाले आणि पुण्याच्या परिसरात कित्येक महिने अस्वस्थता माजली. इतिहासग्रंथांत हा प्रकार शिंद्यांच्या ‘बायांचे’ बंड म्हणून येतो. हे वाचताना ‘बाया’ हा ‘बाईसाहेब’ या अर्थीच घ्यावा लागतो.

होळकरांची खासगी

इंग्लंडात काही स्त्रिया पतीमुळे नव्हे तर स्वतःच्या हक्काने उमरावपद धारण करतात. याच्या सर्वांत जवळ जाणारी मराठी व्यवस्था म्हणजे होळकरांची ‘खासगी’. १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे पेशव्यांकडून स्वतंत्र जहागीर देण्यात आली. दौलतीचा, म्हणजे राज्याचा, हिशेब वेगळा आणि खासगीचा वेगळा. खासगीचे उत्पन्न, कारभारी व खजिना होळकरांच्या घरातील मुख्य स्त्रीच्या ताब्यात असे आणि सासूकडून ते सुनेकडे जाई. कुलीन स्त्रियांना चोळीबांगडीसाठी एखादे गाव लावून देण्याची चाल सर्वत्र होती, पण तो हातखर्च होता. खासगी ही वंशपरंपरेची मिळकत होती, आणि ती मुलाच्या वा पतीच्या नावावर अवलंबून नव्हती.

गौतमाबाईंनंतर ती अहिल्याबाईंकडे आली. काशी, सोमनाथ, गया आणि अन्य तीर्थक्षेत्रांतील त्यांची मंदिरे, घाट, धर्मशाळा यांचा खर्च दौलतीच्या तिजोरीवर न टाकता खासगीतून केला गेला. त्या कामांवर पेशव्यांच्या दरबारातून हरकत घेता आली नाही याचे कारण हेच. दौलतीच्या बाबतीत गोष्ट वेगळी होती. पती खंडेराव, सासरे मल्हारराव आणि १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेल्यावर राज्य वारसाविना पडले. रघुनाथरावांनी ते घेऊ पाहिले. माधवराव पेशव्यांनी अहिल्याबाईंचा कारभार मान्य केला. मात्र ‘सुभेदार’ हे होळकरांचे पद तुकोजी होळकरांना मिळाले. अठ्ठावीस वर्षे माहेश्वरातून राज्य चालविणाऱ्या स्त्रीच्या नावामागे त्या राज्याचे पद कधीच लागले नाही. कागदांत त्या ‘मातुश्री अहिल्याबाई’ आहेत. ‘पुण्यश्लोक’ आणि ‘देवी’ ही बिरुदे लोकांनी दिली. तीच टिकली, सोलापूरच्या विद्यापीठास २०१९ मध्ये दिलेल्या नावात ‘पुण्यश्लोक’ आहे.

इंग्लंडातील पदव्यांशी तुलना

इंग्लंडात उमरावांच्या पाच श्रेणी आहेत: ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन. त्यांच्या पत्नी अनुक्रमे डचेस, मार्शनेस, काउंटेस, व्हायकाउंटेस आणि बॅरोनेस. येथेही भाषेने अडचण केलीच. ‘अर्ल’ या जुन्या इंग्रजी शब्दाला स्त्रीरूप नसल्याने त्याच्या पत्नीसाठी फ्रेंच वळणाचा ‘काउंटेस’ उसना घ्यावा लागला. स्त्रीला स्वतःच्या हक्काने पद मिळण्याची प्रथा जुनी आहे. आठव्या हेन्रीने १५३२ मध्ये ॲन बोलिनला पेम्ब्रोकचे मार्क्वेसपद दिले ते विवाहापूर्वी. परंतु स्वतःच्या हक्काने उमराव असलेल्या स्त्रियांनाही उमरावांच्या सभागृहात बसता येत नसे. आजीव उमरावपद मिळालेल्या स्त्रियांना ही मुभा १९५८ च्या कायद्याने आणि वंशपरंपरागत पद असलेल्यांना १९६३ च्या कायद्याने मिळाली.

विधवेच्या बाबतीतला फरक बोलका आहे. इंग्रज उमरावाची विधवा ‘डाउएजर’ म्हणविली जाते, पण तिची डचेस वा काउंटेस ही श्रेणी कायम राहते. ‘गंगाभागीरथी’ने मात्र स्त्रीची श्रेणी सांगितली जात नाही, तिचे वैधव्यच सांगितले जाते.

पदवी आणि संस्थान

कंपनी सरकारच्या काळात पदवीचा प्रश्न थेट राज्याच्या अस्तित्वाशी भिडला. झाशीचे नेवाळकर हे मुळात पेशव्यांचे सुभेदार. १८३२ मध्ये कंपनीने रामचंद्ररावांना राजा ही पदवी मान्य केली. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले, तेव्हा लक्ष्मीबाई या मान्यतेने राणी होत्या. डलहौसीने दत्तक नामंजूर करताना झाशी हे मुळात आश्रित संस्थान असल्याचा मुद्दा पुढे केला. म्हणजे राजेपण नुकतेच दिलेले, म्हणून परत घेता येणारे. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. झाशीतील माणसांच्या तोंडी मात्र त्या ‘बाईसाहेब’च होत्या. वरसईचे विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या वृत्तान्तातही त्या याच संबोधनाने येतात.

तंजावरचे भोसले घराणे व्यंकोजीराजांपासूनचे. तेथील शेवटचे राजे शिवाजी १८५५ मध्ये पुत्राविना वारल्यावर कंपनीने राज्याबरोबर खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आणि जिंकला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये तो निकाल फिरविला. राज्यसंस्थेच्या अशा कृतीवर न्यायालयाला निवाडा देता येत नाही, असे त्याने ठरविले. खाजगी मालमत्ता पुढे सरकारने मेहेरबानी म्हणून राण्यांना परत केली. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही अभ्यासावा लागतो. त्याच्या इंग्रजी शीर्षकात वादीचे नाव ‘कामाची बोये साहेबा’ असे छापलेले आहे. त्यातील ‘बोये’ म्हणजे आपली ‘बाई’ हे मराठी माणसाने सांगितल्याशिवाय कोणाच्या ध्यानात येणे कठीण.

इंग्रजी अमलातील नव्या पदव्या

१८७७ मध्ये व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाल्यावर १ जानेवारी १८७८ रोजी केवळ स्त्रियांसाठी ‘क्राउन ऑफ इंडिया’ हा सन्मान सुरू झाला. बडोद्याच्या महाराणी जमनाबाई व पुढे महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांना तो मिळाला. ‘सेनाखासखेल समशेर बहादूर’ हा गायकवाडांचा जुना मराठा किताब पुरुषांपुरताच राहिला. ‘हर हायनेस’ ही इंग्रजी उपाधी मात्र महाराणींना लागली. हीच चिमणाबाई जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षा होत्या. मुलींचे शिक्षण आणि बालविवाह हे तेथील विषय होते.

पुण्याच्या परिचयाची दुसरी इंग्रजी उपाधी ‘लेडी’. ती उमरावपदाची नव्हे. ‘सर’ किताब मिळालेल्या पुरुषाच्या पत्नीला ती लागे. सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पत्नी प्रेमलीलाबाई ‘लेडी ठाकरसी’ म्हणूनच ओळखल्या गेल्या. येरवड्याच्या त्यांच्या पर्णकुटी या बंगल्यात गांधीजींनी १९३३ मधील एकवीस दिवसांचे उपोषण केले. पुढे त्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री कुलगुरू झाल्या. ते पद पतीच्या किताबातून आलेले नव्हते. लोक मात्र शेवटपर्यंत ‘लेडी ठाकरसी’च म्हणत राहिले. सर परशुरामभाऊ महाविद्यालयातील ‘लेडी रमाबाई’ सभागृहाच्या नावातही ही उपाधी अजून उभी आहे.

याच पुण्यात जन्माने वा विवाहाने न आलेली एक पदवीही रुजली. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये रमाबाई डोंगरे यांना दिलेली ‘पंडिता’ ही पदवी घेऊन त्या १८८२ मध्ये येथे आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला.

नाव हीच पदवी

मराठा राजघराण्यांत विवाहानंतर वधूचे नाव बदलत आणि हे नाव कधीकधी पदवीसारखे काम करी. सयाजीराव गायकवाडांच्या पहिल्या पत्नी तंजावरच्या लक्ष्मीबाई मोहिते. बडोद्यात त्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्या निधनानंतर आलेल्या देवासच्या गजराबाई घाटगे याही चिमणाबाईच झाल्या. नाव व्यक्तीचे राहिले नव्हते, ते गादीशेजारच्या आसनाचे झाले होते. ग्वाल्हेरच्या विजयाराजे शिंदे यांचे माहेरचे नाव लेखा दिव्येश्वरी.

या नावातील ‘राजे’ हा अंत्यपद म्हणून जोडलेला शब्द व्याकरणाने पुल्लिंगी आहे, पण मराठा कुळांत तो मुलींना व सुनांना सर्रास लागतो: सुमित्राराजे, कमलाराजे, वसुंधराराजे. कोल्हापुरात यापुढची पायरी दिसते. राजर्षी शाहू महाराजांची कन्या राधाबाई, देवासच्या तुकोजीराव पवारांची पत्नी, ही ‘आक्कासाहेब महाराज’ म्हणून ओळखली जाई. नात्याचा शब्द आणि राजाची पदवी येथे एकाच नावात आली.

स्वातंत्र्योत्तर काळ

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १८ ने राज्यसंस्थेला किताब देण्यास मनाई केली. संस्थानिकांची पदवी व तनखे मात्र विलीनीकरणाच्या करारांमुळे चालू राहिले. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तेही संपले. तेव्हापासून महाराणी, राणीसाहेब, राजमाता ही केवळ सामाजिक संबोधने आहेत. साताऱ्याच्या सुमित्राराजे भोसले आणि ग्वाल्हेरच्या विजयाराजे शिंदे यांना ‘राजमाता’ लोक आपखुशीने म्हणत. विजयाराजेंच्या बाबतीत निवडणुकांच्या राजकारणात या शब्दाचा उपयोगही झाला.

सामान्य घरांत या परंपरेचा अवशेष लग्नपत्रिकेत सापडतो. वधूच्या नावामागे ‘चि. सौ. कां.’, विवाहित स्त्रियांच्या मागे ‘सौ.’ आणि विधवांच्या मागे पूर्वी ‘गं. भा.’, आता बहुधा ‘श्रीमती’. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सुचविले. त्यानंतर वर्षभरात, एप्रिल २०२३ मध्ये, ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘गंगाभागीरथी’ वापरावा अशी सूचना शासनस्तरावर पुढे आली. स्त्री संघटनांनी तिच्यावर कडक टीका केली. त्यानंतर हा केवळ चर्चेचा विषय असून निर्णय झालेला नाही, असा खुलासा करण्यात आला.